कंट्रोल-वाय

साखर पेठेत, रंगाच्या कारखान्यावरच्या खोलीत
माझं सायबर कॅफे होतं.
पुण्याच्या कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेले सहा संगणक,
तासाला पंधरा रुपये.
फोटो उघडायला सांगितला की धापा टाकायचे.
म्हणून गप्पांचा तो जुनाच प्रोग्रॅम ठेवला होता मी,
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
माऊसला त्यात काही कामच नाही.

चादरीच्या घडीत घालतात तसला पुठ्ठा घेऊन
मार्करनं लिहिलं, भिंतीला डकवलं:

कंट्रोल-ए – ओळीच्या सुरुवातीला
कंट्रोल-ई – शेवटाला
कंट्रोल-डब्ल्यू – मागचा शब्द खलास
कंट्रोल-यू – अख्खी ओळ खलास
वरचा बाण – मघाशी काय बोललो ते

आणि जागा संपली होती तरी तळाला, बारीक,
कंट्रोल-वाय – खलास केलेलं परत.

नागमणी गाजूल गुरुवारी यायची,
विड्यांचा माल कारखान्यात देऊन, रिकामी पाटी घेऊन.
ती उठून गेल्यावरही चार नंबरच्या कीबोर्डला
तंबाखूचा वास राहायचा.
भाऊ जेबेल अलीला, टॉवेलच्या गोदामात रात्रपाळीला.
दोघं इंग्रजी अक्षरांत बोलायचे,
अर्धं तेलुगू, अर्धं मराठी.
नुसतं 'श्री' मारून टॅब दाबला
की श्रीहरीचं नाव आपोआप पुरं व्हायचं.
"आत असला तरच होतंय," मी सांगितलं होतं.
"नसला तर?"
"नसला तर काय, नुसता टॅब."

एकदा तिनं पुठ्ठ्याच्या तळावर बोट ठेवलं.
"हे किती दिस ऱ्हातं वो आत?"
म्हटलं, दुसरं काही पुसेपर्यंत.
एकाच ओळीची जागा आहे तिथं.
नवी गेली की जुनी गेली.
मान हलवली तिनं,
विड्यांचा कट्टा मोजताना हलवतात तशी.

मग तीन गुरुवार टॅब दाबून काही झालं नाही.
श्री. श्री. श्री.
पंधरा मिनिटं बसायची, पैसे तासाचे द्यायची.

चौथ्या गुरुवारी नाव पुरं झालं.
मी गल्ल्यावर होतो. बघत नव्हतो,
पण आवाज कळतो.
थांबत थांबत, मग एका दमात,
मग सुरुवातीला जाऊन काहीतरी लहानसं, 'अन्ना' असेल,
मग शेवटाला.
बराच वेळ शांत.
मग दोनच कळा. ती जोडी मी झोपेत ओळखेन.
त्यानंतर तिनं पाठवलं
जेवलास का
आणि तिकडून आलं
हो

ती उठली, पाटी घेतली, जिना उतरली.
पडदा तसाच चालू.
रिकाम्या ओळीत ठोका मारत बसलेला कर्सर,
आणि बाकी सगळं आत,
माझ्या दोन बोटांच्या अंतरावर.

पॉलिटेक्निकचा एक पोरगा म्हणाला, चार नंबर रिकामा झाला का?
त्याला थांब म्हटलं.
कुणाच्याही हाती लागायला नको, माझ्यासुद्धा,
म्हणून खुर्चीत बसून टाइप केलं
पंधरा रुपये मिळाले
आणि कंट्रोल-यू.
बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

अर्ध्या तासानं ती परत जिना चढून आली.
काही विसरली असेल, वाटलं.
चार नंबरला बसली, श्वास घेतला,
आणि सरळ कंट्रोल-वाय.

पंधरा रुपये मिळाले

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं.
मी पंख्याचं बटण शोधत होतो,
पंखा आधीच पाचवर होता.
"हिशोब लई पक्का हाय वो तुमचा," एवढंच म्हणाली.

मग एकेक अक्षर पुसलं, बॅकस्पेसनं,
आणि पहिल्यापासून टाइप करायला लागली.
आधी लिहिलं होतं तेच की दुसरं,
मला सांगता येणार नाही.
या खेपेला एंटरचा आवाज आला.

त्या तासाचे मी मागितले नाहीत.
तिनं ठेवले.
दहाची नोट, पाच सुटे,
सुटे अजून गरम होते मुठीतले.